दिवा लाल असेपर्यंत

फाटकवाले आबा जन्मभर कुणाला बधले नाहीत, पण लाल दिव्यापुढे त्यांचं काही चालत नसे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर काढली. गाडीची वर्दी आली की फाटक पाडायचं, दिवा लाल करायचा, आणि गाडी डोळ्यांआड झाल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. मग पलीकडे साहेबाची मोटार खोळंबलेली असो नाहीतर वऱ्हाडाचा टेम्पो. लोकांनी शिव्या घातल्या, चहा पाजतो म्हणाले, पाया पडले. आबा ढिम्म.

एवढंच कशाला, त्यांच्या स्वतःच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि बायकांनी तिला बैलगाडीत घालून दवाखान्याकडे आणलं, तेव्हाही फाटक बंदच होतं. मालगाडी लेट होती. बायका ओरडताहेत, बैल बुजताहेत, आणि आबा दिवा हातात धरून घामाघूम उभे. मालगाडी गेली, फाटक उघडलं, तोवर पोरगं जन्मून रडून दमलंसुद्धा होतं. त्याचं नाव गावानं फाटक्या ठेवलं. बायको बिचारी मरेपर्यंत टोमणे मारत राहिली आणि आबा दर वेळी एकच बोलायचे, "अगं, दिवा लाल होता."

तो फाटक्या मोठा होऊन ट्रक चालवायला लागला. महिन्यातले बरेच दिवस तो रस्त्यावरच असे. घरात राहिले आबा आणि सून. आणि सून निघाली रेडिओवाली.

तसा तिचा पोटापाण्याचा धंदा वेगळाच. ती बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये निवडायला जायची. रेडिओचं काम फुकटचं. गावातल्या चार हौशी माणसांनी जुन्या टपाल कचेरीच्या खोलीत छोटं स्टेशन काढलं होतं, आसपासच्या गावांपुरतं. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या, एक टेबल, एक माईक, एक कंप्युटर, वीज गेली तर बॅटरी. ती पहिल्यांदा तिथं गेली ती हरवलेल्या शेळीची वर्दी द्यायला. बोलणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता, म्हणून कुणीतरी म्हणालं, तुम्हीच सांगा की. ती खुर्चीवर बसली आणि शेळीचं वर्णन असं केलं, की शेळी तर मिळालीच, वर दुसऱ्या दिवशी लोक विचारत आले, कालची ती बाई कुठाय? तेव्हापासून संध्याकाळचा तास तिचा झाला.

कुठल्या गल्लीत पाणी येणार नाही, वीज कधी जाणार, डॉक्टरीणबाई कुठल्या वारी बसणार, कुणाचं वासरू सुटलं, कुणाकडे कोण वारलं, हे ती सांगायची. मध्ये गाणी. तिचं बोलणं समोर बसून बोलल्यासारखं. नवरा फोनवर चिडवायचा, "भाज लष्कराच्या भाकऱ्या." चिडवायचा, पण दूरच्या ड्रायव्हर लोकांना अभिमानानं सांगायचाही.

स्टेशनच्या दारावर लाल दिवा होता. आधी नव्हता. एकदा कार्यक्रम चालू असताना एक बाई दार ढकलून आत घुसली आणि माईकसमोर शेजारणीच्या कोंबड्यांचा उद्धार करून गेली. सगळ्या पंचक्रोशीनं तो ऐकला. त्यानंतर वायरमननं दिवा बसवला. दिवा लाल असला की दार वाजवायचं नाही, बाकावर बसायचं. बोलणारा माणूस दिवा घालवून बाहेर आला की निरोप द्यायचा.

आबांना हे फार पटलं. "स्टेशन म्हटलं की दिवा पाहिजेच," ते म्हणाले. "फाटक तेवढं बसवून घ्या. उघडायला मी येतो."

हवा बरी असली की ते काठी टेकत तिच्याबरोबर यायचे आणि दाराबाहेरच्या बाकावर बसायचे. समोर शिंप्याचं दुकान. त्याच्या रेडिओवर सून बोलायची आणि आबा इकडे दिव्यावर नजर लावून असायचे. कुणी निरोप घेऊन आलं आणि दाराशी घुटमळलं की काठी आडवी करायचे. "दिसत नाही? लाल आहे." तास संपला, दिवा गेला, की सून बाहेर यायची. मग दोघं सावकाश घरी जायची.

ज्या दिवशी पाय साथ द्यायचे नाहीत, त्या दिवशी ते घरात खाटेवर रेडिओ उशाशी घेऊन बसायचे. छातीच्या दुखण्याची एक गोळी त्यांना संध्याकाळी घ्यायची असायची. ती घ्यायला त्यांच्या जिवावर यायचं. कडू आहे, घशात अडकते, आज बरं वाटतंय, शंभर सबबी. शेवटी सुनेनं नामी युक्ती काढली. कार्यक्रमाच्या शेवटी ती सगळ्या गावाला म्हणायची, "चला, संध्याकाळची गोळी घेतली का?" मग क्षणभर गप्प बसायची. मग म्हणायची, "शाब्बास! आता वर पाणी प्या."

ती गप्प बसायची त्या तेवढ्या वेळात आबा घरात रेडिओकडे बघून म्हणायचे, "घेतली गं बाई, घेतली." आणि शाब्बास आलं की गालात हसायचे. गोळी कुणासाठी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण इतर म्हातारी माणसंही त्या निमित्तानं आपापल्या गोळ्या घ्यायला लागली होती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यानं मात्र अंत पाहिला. सकाळी घराबाहेर पाऊल टाकलं की उन्हानं डोळे दिपायचे, आणि कोल्ड स्टोरेजचं जाड दार उघडून आत शिरलं की थंडीनं दात वाजायचे. बायका डोक्याला मफलर, अंगात नवऱ्याचे जुने स्वेटर घालून पाटांवर बसायच्या. पोतं उलटं करायचं, एकेक बटाटा चाचपायचा, अंगठा रुतला की बाजूला. बोटं बधीर व्हायची, नखांखाली काळी ओल बसायची. आतबाहेर करून करून तिचा घसा पार बसला. दुपारी घरी येऊन ती गरम पाण्याच्या गुळण्या करायची, आबांना वाढायची, आणि आवाज जपायचा म्हणून खुणांनीच बोलायची. आबा म्हणायचे, "गावाशी बोलायला आवाज आहे, म्हाताऱ्याशी नाही."

ते थट्टेनं म्हणायचे, पण तिला लागायचं. कारण ते खरं होतं.

मग वीज जायला लागली. दिवसातून कितीदा जायची आणि कितीदा यायची याचा काही नेम राहिला नाही. कंप्रेसर बंद पडायचे, आत ऊब धरायची, आणि बटाटे आतून मऊ पडायला लागले. एक नासका बटाटा शेजारच्या दहांना घेऊन बसतो. सगळ्या गोदामात तो कुबट, गोडसर वास भरून राहिला. तो केसांत बसायचा, पदराला लागायचा, जेवताना बोटांना यायचा. मालकानं हुकूम सोडला की सगळा माल पुन्हा निवडायचा, आणि बायकांनी संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत थांबायचं.

"मला संध्याकाळी जमणार नाही," ती मुकादमाला म्हणाली.

"का? बातम्या वाचायच्यात?" मुकादम मोठ्यांदा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. दोघीतिघी फिसकन हसल्या. "हे बघ ए रेडिओ, इथं माल सडतोय. थांबायचं तर सगळ्यांनी. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, बाहेर रांग लागलीय बायकांची."

ती खाली मान घालून पाटावर येऊन बसली. शेजारच्या पाटावरच्या मावशी हळूच म्हणाल्या, "अगं, सोड तो रेडिओ थोडे दिवस. जीव तोडून काय मिळतं तुला तिथं?"

काय मिळतं? घरी ती सून होती, इथं ती पाट होती. मुकादम बायकांना पाटावरून ओळखायचा, हा पाट हळू चालतो, तो पाट नीट निवडत नाही. फक्त त्या एका तासात ती कुणीतरी असायची. बाजारात अनोळखी माणूस तिचा आवाज ऐकून वळून बघायचा आणि म्हणायचा, तुम्ही त्याच ना? तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. आणि ती जागा रिकामी ठेवली तर भरायला माणसं होती. शाळेतल्या एक बाई कधीच्या टपून बसल्या होत्या, स्वच्छ बोलायच्या, शिकलेल्या होत्या. एकदा खुर्ची गेली की परत कुठली मिळायला? नोकरी सोडणं तर शक्यच नव्हतं, ट्रकच्या कमाईवर घर अर्धंच चालायचं. दोन्ही धरून ठेवायचं होतं तिला. बस, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी ती स्टेशनवर गेली आणि वायरमनला गाठलं. हा मध्यमवयीन माणूस दिवसभर लोकांच्या पंख्यांना हात घालायचा आणि उरल्या वेळात स्टेशनचं यंत्र सांभाळायचा, तोही फुकटच.

"भाऊ, आठवड्याचं एकदम बोलून ठेवलं तर चालेल? तुम्ही संध्याकाळी लावून द्या."

"चालेल की. कंप्युटरवर वेळ लावून ठेवतो, आपोआप सुरू होईल. पाण्याच्या, विजेच्या वर्द्या मी सकाळच्या कार्यक्रमात घालीन. पण लोकांना सांगावं लागेल, की रेकॉर्डिंग आहे."

"नको!" ती घाईघाईनं म्हणाली. "कळलं की म्हणतील, जमत नाही तर खुर्ची सोड. उन्हाळा सरेपर्यंतचा तर प्रश्न आहे. घरीसुद्धा नाही सांगणार मी. आबा म्हणतील डबाबंद सून, आणि ऐकायचंच बंद करतील. मग गोळी कोण देणार त्यांना?"

वायरमननं मान डोलावली. त्याला घाई होती. तिनं त्या दिवशी बसून एकापाठोपाठ एक सगळे कार्यक्रम बोलून काढले. घसा त्या दिवशी नेमका मोकळा होता. प्रत्येकाच्या शेवटी गोळीचं विचारलं, सवयीनं तेवढा वेळ गप्प बसली, शाब्बास म्हणाली.

निघताना तिला आठवलं. "आणि भाऊ, दारावरचा दिवा लागला पाहिजे हं."

"आत कुणी नसताना दिवा कशाला?"

"नाहीतर लोक दार ढकलतील. किल्लीनं बंद केलेलं कळेल आणि गावभर बोभाटा होईल. दिवा बघितला की बसतील थोडा वेळ आणि जातील."

"बरं. मग तो कंप्युटरलाच जोडून टाकतो. कंप्युटर वाजत असेल तोवर दिवा चालू. तुमच्यामागून गाणी चालतात तेवढा वेळ राहील लाल, मी फेरीला येऊन बंद करीपर्यंत."

"राहू दे."

आणि खरंच, कुणाला पत्ता लागला नाही. उन्हामुळे आबा बाकावर यायचे बंद झाले होते, आणि समोरच्या शिंप्याची मान मशीनवरच असायची. रोज संध्याकाळी कोल्ड स्टोरेजच्या दाराशी मुकादमाच्या टेबलावर रेडिओ लागायचा आणि ती स्वतःचं बोलणं ऐकत बटाटे चाचपायची. बायकांना तिनं शपथ घातली होती. त्यांना मोठी गंमत वाटायची. "इथं पण तूच, तिथं पण तूच. पगार मात्र एकीलाच," मावशी म्हणायच्या. मुकादमसुद्धा एकदा म्हणाला, "बोलतेस बाकी झकास." बरं वाटलं तिला, नाही असं नाही.

घरी परतायला मात्र उशीर व्हायचा. आबा खाटेवर वाट बघत असायचे. "आज एवढा वेळ?"

"निरोप देणारी माणसं होती, आबा."

"अंगाला वास कसला येतोय?"

"दुपारचाच, कोल्ड स्टोरेजचा. जातोय कुठं लवकर."

एकदा त्यांनी तिला जरा न्याहाळलं. "रेडिओत तुझा आवाज खणखणीत होता. आता तर फुटतोय. एवढ्यात काय झालं?"

"येताना वारा लागला," ती म्हणाली.

आयुष्यभर गाडीचा आवाज लांबून ओळखणारा माणूस, त्याला काहीतरी खटकलं असणार. पण सून खोटं बोलेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. "मफलर नेत जा," एवढंच म्हणाले. ती चुलीकडे वळली आणि उगाच भांडी वाजवत बसली. सांगून टाकावं असं तिला त्या क्षणी फार वाटलं. पण उन्हाळा सरतच आला होता. थोड्या दिवसांसाठी कशाला?

त्या दिवशी सकाळपासूनच आबांना मरगळ होती. उन्हानं असेल, ते म्हणाले. तिनं माठ भरून उशाशी ठेवला, दारावर ओलं पोतं टांगलं, शेजारच्या काकूंना संध्याकाळीही गोदामातच असेन असं हळूच सांगून लक्ष ठेवायला सांगितलं आणि कामावर गेली. गोदामात वीज नव्हती. पोत्यांतून पाणी गळत होतं. फरशीवर पाय घसरत होते. मुकादम सगळ्यांवर खेकसत होता, कारण मालक त्याच्यावर खेकसला होता. एका पोत्यात हात घातला तर तो मनगटापर्यंत रगद्यात गेला.

संध्याकाळी रेडिओ लागला. ती बोलत होती. कुणाच्या तरी बैलाबद्दल काहीतरी गमतीचं सांगितलं होतं तिनं, ते ऐकून मुकादमही हसला. मग गाणं, मग पुन्हा ती. आणि शेवटी, "चला, संध्याकाळची गोळी घेतली का?"

रेडिओ गप्प झाला. तिनंही हात थांबवला. रोज थांबवायची. त्या तेवढ्या वेळात तिला आबा दिसायचे, रेडिओकडे बघून बोलणारे. घेतली गं बाई, घेतली.

"शाब्बास! आता वर पाणी प्या."

ती पुन्हा बटाटे चाचपायला लागली. गाणी लागली. बरीच गाणी झाली. आणि मग बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि शिंपी धावत दारातून आत आला, गळ्यात टेप तसाच. आत शिरताच वासानं क्षणभर थबकला, बायकांच्या तोंडांवरून नजर फिरवली, आणि ती दिसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला पुढे जन्मभर विसरता आलं नाही. कीव नव्हती ती. नवल होतं.

"तुम्ही इथं आहात?" तो म्हणाला. "काकू म्हणाल्या तेव्हा मला खरंच वाटेना. फोन तरी उचलायचा होता हो, वहिनी."

फोन मुकादमाच्या टेबलाखालच्या पेटीत होता. सगळ्यांचेच कामावर असताना तिथं असायचे.

"आबा?" ती म्हणाली.

"दवाखान्यात नेलंय. चला."

दवाखान्याच्या ओसरीवर काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग विचारायचं काही उरलंच नाही.

आत लोखंडी पलंगावर आबा होते. कुणीतरी हात नीट जुळवून ठेवले होते. काठी पलंगाच्या कडेला टेकवलेली होती. ती जवळ गेली, तर तिच्या हातांना बटाट्याचा वास येत होता. तिला त्यांना हात लावायला लाज वाटली. ओसरीवर येऊन तिनं नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले, परत आत गेली आणि मग त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

शिंप्यानं नंतर सगळं सांगितलं. वाईट हेतूनं नाही. त्यालाही ते कुणाला तरी सांगायचंच होतं.

आबांच्या छातीत संध्याकाळी कळ आली असावी. काकू दळणाला गेल्या होत्या. मोबाईल आबांना चालवता यायचा नाही. पण सून काय, दोन गल्ल्या टाकल्या की होती. रेडिओत बोलतच होती. म्हणून गोळी खिशात टाकली आणि काठी घेऊन निघाले. शिंप्यानं त्यांना येताना पाहिलं. अंगरखा घामानं चिकटलेला, तोंड पांढरं. बाकावर बसले.

"मी म्हटलं, आजोबा, बरं नाही का? तर म्हणाले, जरा छातीत भरल्यासारखं झालंय. मी म्हटलं, मग बसलात काय, दार वाजवा. तर माझ्यावरच डोळे वटारले. दिवा लाल आहे, म्हणाले. सून बोलतेय."

"मग?"

"मी म्हटलं डॉक्टरकडे चला, सोडतो. नको म्हणाले. आता तिचं संपत आलंय, तिच्याबरोबर जाईन. पाणी दिलं, ते तसंच धरून बसले. मग तुम्ही रेडिओत विचारलंत, गोळी घेतली का. तर दाराकडे बघून हसले. म्हणाले, आणलीय बरोबर, तू बाहेर ये, मग घेतो."

शिंपी गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिला.

"तुमचं बोलणं संपलं. गाणी लागली. मला वाटलं, आता याल तुम्ही. पण दिवा काही जाईना. मी दोनदा उठलो दार वाजवायला. दोन्ही वेळा काठी आडवी केली त्यांनी. हसून म्हणाले, आज गाडी लेट आहे वाटतं. गिऱ्हाईक आलं म्हणून मी वळलो, आणि पुन्हा बघतोय तर ते बाकावर आडवे. मग मी दार बडवलं, वहिनी. लाथा घातल्या. नाही नाही ते बोललो तुम्हाला. सासरा दारात मरतोय आणि गाणी कसली वाजवता म्हणून. मग खिडकीतून वाकून बघितलं."

खिडकीतून काय दिसलं असेल ते तिला न सांगता कळलं. ती रिकामी खुर्ची तिनंच तिथं ठेवली होती.

फाटक्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक रस्त्यात दुसऱ्याच्या हवाली करून घरी पोचला. दुपारी आबांना पोचवून सगळे परतले. पुरुष अंगणात बसले, बायका आत. ऊन कलायला लागलं होतं, पण झळ तशीच होती. फाटक्या ओसरीवर आबांच्या रिकाम्या खाटेजवळ जमिनीवर बसला होता. शिंप्याचं बोलणं त्याच्या कानावर गेलंच होतं.

ती चहाचे पेले घेऊन बाहेर आली. त्यानं पेला घेतला नाही. मुठीत काहीतरी होतं, ते त्यानं उघडून दाखवलं. दवाखान्यातून परत मिळालेल्या अंगरख्याच्या खिशातली गोळी. कागदासकट.

"मला तरी सांगायचंस," तो म्हणाला. आवाज चढवून नाही. चढवला असता तर तिला सोसलं असतं. "मी फोनवर आबांना एवढंच सांगितलं असतं, की ती तिथं नाहीये."

"अहो, थोड्या दिवसांचाच प्रश्न होता," ती म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिला स्वतःची शिसारी आली.

तो पुढे काही म्हणणार होता. इतक्यात शेजारच्या घरातून ओळखीचं वाद्य वाजलं. तिच्या कार्यक्रमाची सुरुवात. अंगणात बसलेला वायरमन ताडकन उठला. "अरे देवा," तो म्हणाला, "पूर्ण आठवड्याचं लावून ठेवलंय. इकडच्या धावपळीत राहूनच गेलं." आणि चपला न घालताच स्टेशनच्या दिशेनं पळत सुटला.

काकूंनी आपल्या घरात धाव घेऊन रेडिओ बंद केला. पण पलीकडच्या घरातही तो चालू होता, त्याच्या पलीकडेही. या वेळेला गावात तो घरोघर चालू असायचा. कुणी कुणाकुणाच्या दाराशी जाणार? ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. तिचा आवाज गल्लीत फिरत होता, मोकळा, आनंदी, सुट्टीच्या दिवशीचा. कुणाच्या म्हशीची गोष्ट सांगत होता. अंगणातली माणसं खाली बघत बसली. उठून जाणं बरं दिसत नव्हतं आणि बसणं सोसत नव्हतं. वायरमन अजून पोचला नव्हता, की किल्ली सापडत नव्हती त्याला, कोण जाणे. गाणं झालं. पुन्हा ती बोलायला लागली.

"बंद करा रे कुणीतरी," कुणीसं पुटपुटलं. फाटक्यानं हातानंच त्याला गप्प केलं. मूठ मिटून तो ऐकत बसला.

"चला," रेडिओतली ती म्हणाली, "संध्याकाळची गोळी घेतली का?"

आणि गप्प झाली. सगळी गल्ली गप्प झाली. आबांना उत्तर द्यायला पुरेल एवढाच वेळ तिनं सोडला होता, नेहमीइतकाच. ती खाटेकडे बघत राहिली. फाटक्याही तिकडेच बघत होता.

"शाब्बास!" आवाज आला. "आता वर पाणी प्या."

खाटेच्या उशाशी तिनंच भरून ठेवलेला माठ तसाच होता.